गोदाचं गाऱ्हाणं

गोदा स्वतःशी बोलते, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. रत्नागिरीला काजूच्या कारखान्यात जाताना एसटीच्या खिडकीशी तिचे ओठ हलत आणि मागच्या बायका एकमेकींना कोपर मारत. नवरा गेल्यापासून वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही, असं तिची धाकटी जाऊ दर्शना खुशाल चारचौघींत सांगे.

डोकं ठिकाणावर राहावं म्हणूनच गोदा बोलत होती.

तिचा नवरा अनिल मुंबईला कामाला. गणपतीला आला तेव्हा छातीत दुखतंय म्हणाला. एक दिवस थांबा, डॉक्टरला दाखवू, म्हणून गोदाने विनवलं. रजा संपली म्हणत तो निघालाच. मग तिने पिशवीत तांदळाचं पीठ नि आमसुलं भरून दिली. मुंबई यायच्या आधी गाडीतच तो गेला. तेराव्याला सासू मालन सगळ्यांदेखत म्हणाली, पिशवी भरून हिनंच वाटेला लावलं माझ्या लेकाला. काजू फोडताना, विहिरीवर, जेवायला बसताना, तेच वाक्य गोदाच्या मनात वर येई. पिशवी तू भरलीस.

कारखान्यात एक बाई भाषण द्यायला आल्या होत्या. आरशात बघून रोज ‘मी सुखी आहे’ म्हणा, म्हणाल्या. गोदाने चार सकाळी म्हणून पाहिलं आणि पाचव्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. सुखी कसली? पण स्वतःशी बोलावं, एवढं तिला पटलं. मग तिने गावची रीत उचलली. देवापुढे एक जण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गोदा दोन्ही स्वतःच म्हणे. थांबा म्हटलं होतं मी. व्हय म्हाराजा. पिशवी मायेनं भरली. व्हय म्हाराजा. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते टिकलं.

शिमगा आला. गावदेवीची पालखी घरोघर फिरू लागली. लग्न होऊन आल्यापासून या घरी देवीची ओटी गोदाच भरत आली होती. यंदा, विधवेने ओटी भरायची नाही म्हणून, मालनने खण-नारळाचं ताट परस्पर दर्शनाच्या हाती दिलं आणि गोदाला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं. ती आत बसली. पिशवी तू भरलीस, मन म्हणालं. आज मात्र ती रडली नाही, भडकली. माणूस मेला दुखण्याने आणि चूल माझी, घर माझं, तरी तोंड लपवायचं मीच?

पालखी अंगणात टेकली तशी ती बाहेर आली. दर्शनाच्या हातातलं ताट तिने काढून घेतलं.

“गोदे, आत जा,” गावाचे मानकरी, गावकर श्रीपती म्हणाले. “रीत हाय ती.”

गोदा पुढे झाली. पालखीसमोर उभी राहून रोजचंच, पण या वेळी खड्या आवाजात म्हणाली, “बा देवा म्हाराजा, या घरची मी थोरली सून.”

“व्हय म्हाराजा,” पालखीचे भोई म्हणाले. जन्माची सवय.

“माझा नवरा दुखण्यानं गेला, माझ्यापायी गेला न्हाय.”

“व्हय म्हाराजा.”

“तर ही ओटी माझ्या हातची घे.”

“व्हय म्हाराजा.” बोलून गेल्यावर भोयांनी एकमेकांकडे पाहिलं. तोवर खण-नारळ देवीपुढे पोचला होता.

श्रीपतींचा चेहरा उतरला. हे बरं केलं नाहीस, ते म्हणाले.

“व्हय तर तुमच्याच माणसांनी म्हटलं, तात्या.”

मालन पाठ फिरवून आत गेली. भोयांनी घाईघाईने पालखी उचलली.

दुसऱ्या दिवशी एसटीत ‘पिशवी तू भरलीस’ पुन्हा मनात आलंच. गोदा खिडकीबाहेर बघत मोठ्याने म्हणाली, “भरली. मायेनं भरली.” मागच्या बायकांनी आज एकमेकींना कोपर मारलं नाही. त्यांच्या होकारासाठी न थांबता ‘व्हय म्हाराजा’ तिचं तिनेच म्हटलं.