शून्यं न लिहिणारा मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतक्या कष्टाने काहीही न करणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. बेंबळीत घरी बसून तो एका कंपनीच्या, डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. फाईलमधली मोठी जागा कोरी करायची तर तिथं ढिगाने शून्यं लिहावी लागतात आणि त्यात डिस्कचा जीव जातो. आमचा पठ्ठ्या ती लिहीतच नसे. ‘इथपासून तिथपर्यंत शून्य’ एवढी एक खूण करायची. कुणी वाचायला आलं की सॉफ्टवेअर खुशाल शून्यं दाखवतं. हेच तत्त्व त्याने घरातही लावलं. मावशीने रिकामे डबे बघायला सांगितले, तर पहिल्या डब्यावर खडूने बाण काढून म्हणाला, “इथनं भिंतीपर्यंत समदे रिकामे. उघडायचंच न्हाय.” पुढे काकांनी मधल्याच एका डब्यात गूळ भरला, बाण तसाच राहिला, आणि मावशीने त्यावर विश्वास ठेवून घर पालथं घातलं. गूळ शेवटी मुंग्यांनी शोधून दिला.

जळकोटला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मात्र मला धास्ती होती. फोटो पाहूनच त्याला ती मनापासून आवडली होती आणि तिचे वडील पडले किराण्याचे व्यापारी.

“पाव्हणं, काम काय करता?”

“शून्यं लिहितो.”

“म्हंजी?”

“तशी लिहीतबी न्हाय. इथनं तिथपर्यंत शून्य अशी खूण करतो आन् लिहिल्यात असं धरतो.”

वडील बायकोकडे वळून कानडीत काहीतरी बोलले. मला कानडी येत नाही, तरी ते कळलं. मी पोह्यांत तोंड घातलं. इतक्यात मुलगीच म्हणाली, “आन् मधल्या जागेत कुणी खरंच काही लिहिलं तर? तुमची खूण खोटी पडंल की!”

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. “तिथंच तर सगळी गोम हाय!” म्हणत त्याने पोह्यांतले शेंगदाणे टेबलावर मांडले. “आधी खुणेचे दोन तुकडे करायचे, मधली जागा सोडवायची, मंगच लिहायचं.” ती दाणे सरकवून त्याच्या चुका काढू लागली. पोहे गार झाले. वडील हसून म्हणाले, “ह्यांचं जमलंय. आता आपुन काय बोलावं!”

लग्न थाटात झालं. तिची नोकरी पुण्यात, म्हणून तोही गेला. मला आनंदच आहे. पण बेंबळीत आता करमत नाही. फोनवर त्याने शून्यांचं सुरू केलं की पूर्वीसारखं ‘पुरे रे बाबा’ म्हणवत नाही. बोलता बोलता तो म्हणतो, “थांब, तिला इचारतो.” मग पलीकडे दोघांची जुंपते, दोघं हसतात, मी लायनीवर आहे हे विसरतात, आणि मी फोन न ठेवता ऐकत बसतो.