तुमच्याच हातची पत्रावळ

पत्रावळ उन्हाकडे धरायची आणि एक डोळा मिटून तिच्यातून बघायचं, ही तिची सवय. पानांच्या जोडातून कुठे उजेडाचा ठिपका दिसला की ती पत्रावळ बाजूला पडे. "उजेड गळला की वरण गळतंय," ती म्हणायची. मग पळसाचं एक जादा पान त्या भोकावर बसवून, कडुलिंबाच्या काडीने दोन टाके घालून ती पत्रावळ पुन्हा उन्हाकडे धरायची. गिऱ्हाईक ताटकळलं तरी तिला त्याचं काही नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला घाई असते आणि त्यांना काम असतं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. मी अहमदपूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नव्या जिल्ह्याच्या एका ऑफिसात कारकून लागलो होतो आणि लातूरला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. ती शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून एसटीच्या टपावर पत्रावळींचा गठ्ठा टाकून यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. बौद्ध होती. दारात आली की म्हणायची, "जय भीम, सायेब." मी नुसताच हसायचो. उलट जय भीम म्हणायला माझ्या जिभेला बरेच महिने लागले.

नव्या जिल्ह्यात रोज काही ना काही असे. आज उद्घाटन, उद्या पाहणी, परवा बैठक. जेवणावळीची व्यवस्था माझ्याकडे, म्हणून पत्रावळी मीच सांगायचो. ती विचारायची, "सह्या किती आन् तोंडं किती?" एकदा मी साहेबांच्या कागदाप्रमाणे चाळीस सांगितल्या. तिने एकशेवीस आणल्या. मी चिडलो, तर पदर तोंडाला लावून हसली. "जिल्हा झालाय न्हवं? आता खाणारे वाढणारच की." त्या दुपारी दोनच पत्रावळी उरल्या, आणि साहेबांनी माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. मी ते गपचूप घेतलं.

पुढे पावसाने दडी मारली. चार-चार दिवसांनी टँकर येई, त्यातलं पाणी प्यायलाच पुरत नसे, तर भांडी कशाने घासणार? गल्लीतल्या सगळ्यांनी ताटं पालथी घालून फळीवर ठेवली आणि रोजचं जेवण पत्रावळीवर आलं. जेवून झालं की पत्रावळी घरमालकीणबाईंच्या म्हशीपुढे. वैरण मिळत नव्हती, म्हैस त्या काड्यांसकट चघळून टाकायची. कचरा म्हणून काही उरत नसे. घरमालकीणबाई सोवळ्याच्या फार. पण त्याही मावशीच्याच पत्रावळीवर जेवत. एवढ्या टंचाईत ती पत्रावळ शिंपडून शुद्ध करून घ्यायला चार थेंब मात्र त्यांना मिळत, आणि तेही मावशीच्या देखत.

मावशीला त्याचं काही वाटतंय असं दिसायचं नाही. "सगळी गल्ली माझ्या पत्राळीवर जेवायलीय," एवढंच ती हसून म्हणायची.

अशाच एका दुपारी बायकोने तिला जेवायला थांबवलं. ती पायरीवरच बसायला लागली, तर बायकोने हाताला धरून वर आणलं. आम्ही तिघं ओसरीवर एका ओळीत बसलो. भाकरी, पिठलं आणि कांदा. जेवताना मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटत होतं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात चार जणांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. खरं म्हणजे मला त्यात काहीच करावं लागलं नव्हतं. बोलावलं बायकोने. पत्रावळी सगळ्यांपुढेच होत्या, आणि कुणाचं काही धुवायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. नळाला पाणी आलं. आमच्या मुलीचं बारसं ठरलं तेव्हा पत्रावळींचा विषयही निघाला नाही. घरमालकीणबाईंनी आपली स्टीलची ताटं दिली होती, प्रत्येकावर यजमानांचं नाव ठोकलेलं. मावशीला बायकोने आवर्जून बोलावलं होतं. ती निळं लुगडं नेसून आली. नव्या कापडाची कुंची स्वतः शिवून आणली होती. बाळाच्या डोक्याला ती लावून बघत बायकोला म्हणाली, "टाके माझेच हायत. उजेड न्हाई गळायचा."

बायकांची पंगत बसली. मावशी ओळीच्या शेवटी बसली. तेवढ्यात घरमालकीणबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. "ताटं माझी आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिला त्यातलं देऊ नका. एखादी पत्रावळ नाही का घरात?"

त्यांना काय सांगायला हवं होतं, ते मला आज पाठ आहे. तेव्हा मी 'बघतो' म्हणालो. माळ्यावर दुष्काळातली एक पत्रावळ राहिली होती. ती काढली, धूळ झटकली आणि स्वतःच्या हाताने मावशीपुढे मांडली. ओळीत सगळीकडे चकचकीत ताटं आणि शेवटी ते एक तपकिरी पान. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशी, तुमच्याच हातची पत्रावळ! तुमच्यासाठी मुद्दाम जपून ठेवली होती."

तिने पत्रावळीकडे पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं. तिथे आधीच्या पंगतीची ताटं नळाच्या धारेखाली धुतली जात होती. "आता तर नळाला पाणी हाय की, सायेब," ती म्हणाली. मलाच ऐकू येईल इतक्या हळू.

मी "वाढा, वाढा" करत पुढे सरकलो.

ती पोटभर जेवली. पानात काही टाकलं नाही. पाळण्यापाशी जाऊन "लई गुणाची हाय" म्हणाली आणि आपली उष्टी पत्रावळ घडी करून, हातात घेऊन निघून गेली. आतल्या खोलीत बाळाजवळ बसलेल्या बायकोला हे संध्याकाळी कळलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी बरीच वर्षं घरमालकीणबाईंना नावं ठेवण्यात घालवली. ताटं त्यांची होती, पण पत्रावळ मी मांडली होती.

ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. एकदा बसस्टँडवर दिसली, गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी उभ्या एसटीच्या मागून वळसा घालून गेलो. मग माझी नांदेडला बदली झाली.

निवृत्तीनंतर नांदेडला एका लग्नात यंत्रावर दाबलेल्या पानांच्या ताटल्या होत्या. केटरिंगवाला कौतुकाने सांगत होता, "पर्यावरणाला चांगल्या, काका. मातीत जिरून जातात. आणि मुख्य म्हणजे धुवायची कटकट नाही." मी भरलेली ताटली तशीच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी मी शिरूर अनंतपाळची वाट धरली. माफी मागायची, एवढंच मनात होतं. गाव शोधलं, घर सापडलं. मावशी दोन वर्षांपूर्वीच गेली होती.

सून घरी होती. मी कोण ते सांगताच तिचा चेहरा उजळला. "तुमीच का ते लातूरचे सायेब! आत्याबाई लई सांगायच्या. दुष्काळात तुमच्या वसरीवर एका वळीत बसून जेवलाव म्हणून. समद्या वस्तीला ठावं हाय."

"आणि बारशाचं?" मी विचारलं.

"बारशाला गेलत्या की. पोटभर जेवले म्हनल्या. दुसरं काय न्हाई."

तिने मला बाजेवर बसवलं आणि शेजारच्यांना हाका मारल्या. पाच-सहा माणसं आली. एका म्हाताऱ्याने हात जोडून "जय भीम" केला. मीही केला. तो म्हणाला, "खरंय का सायेब? आमच्या बाईला शेजारी घेऊन बसला व्हता तुमी?"

"हो," मी म्हणालो.

पुढचं सांगण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात सून ताट घेऊन आली. स्टीलचं, आत्ताच धुतलेलं, कडेला अजून पाणी निथळत होतं. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एवढी लाज मला बारशाच्या दिवशीही वाटली नव्हती. मी मान खाली घातली आणि जेवलो.