सावळाच्या हातचं मीठ

आंबवड्याच्या वरच्या वस्तीतल्या सावळाला स्वतःची एकही शेळी नव्हती. होत्या त्या एका उन्हाळ्यात रोगाने गेल्या आणि तेव्हापासून तो लोकांच्या शेळ्या राखायचा. चारचौघांत त्याला कोणी विचारत नसे. पण एखादी पहिलारू शेळी व्यायली आणि करडाला जवळ येऊ देईना, की सगळ्यांना हाच सावळा आठवायचा. तो यायचा, शेळीची मान गुडघ्यांत आवळायचा आणि करडाला मीठ चोळून तिच्या तोंडाशी धरायचा. शेळी मिठासाठी चाटायची आणि चाटता चाटता करडाची व्हायची. त्या दिवसापुरता सावळा माणसांत असायचा, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपता संपता भोरात ससे पाळायचं खूळ आलं. जोहराभाभींनी परसात पिंजरे लावले. बघायची सगळं त्यांची सून नुजहत. त्यांतली एक पांढरी सशीण पहिल्यांदाच व्यायली, सात पिल्लं झाली, आणि ती अशी बिथरली की पाणी ठेवायला हात घातला तरी गुरगुरत अंगावर यायची. भाभींचं बोट तिने रक्त येईस्तोवर फोडलं. वर दिवसभर पिल्लांच्या खोक्याकडे ती फिरकायचीसुद्धा नाही. ही पाजत नाही, पिल्लं हातची जाणार, असं घरात ठरलं आणि सावळाला निरोप गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो आला. एवढ्या मोठ्या घरात त्याला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. शेजारचे आठ-दहा जण परसात जमले. सावळाने ससा उभ्या जन्मात फक्त रानात पळताना पाहिला होता, पण ते बोलून दाखवण्याइतका तो भोळा नव्हता. सशिणीच्या पोटावर केस नव्हते. हिला लूत लागलीय, असं त्याने ठोकून दिलं. बिचारीने पिल्लांना अंथरूण म्हणून स्वतःच्या अंगाचे केस उपटले होते, ते खोक्यात डोळ्यांसमोर पडले होते.

नुजहत पहाटे नमाजाला उठायची. दोनदा तिने सशीण खोक्यात शिरलेली पाहिली होती, ती फार तर चार मिनिटं. ससे दिवसातून एकदाच पाजतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिने धीर करून एक पिल्लू उचललं आणि सावळापुढे धरलं.

"मामा, पोट बघा की. गच्च हाय. उपाशी असतं तर आसं असतं व्हय?"

सावळाने पाहिलं. कोवळ्या कातडीखालून दूध पांढरं दिसत होतं. शेकडो करडांची पोटं चाचपलेला माणूस तो, त्याला कळलं. आई पाजतेय, तिला एकटी सोडा, एवढं सांगून परतीची एसटी धरायची होती. पण मग सावळाला बोलावलं कशाला, असं लोक म्हणाले असते. मला त्याचा राग येतो तो इथे.

"वारं धरलंय पोटात," तो म्हणाला. "मीठ आणा."

सशिणीला पोत्यात गुंडाळून त्याने गुडघ्यांत दाबलं. ती किंचाळली. ससा असा किंचाळतो हे जमलेल्यांत कोणालाच माहीत नव्हतं. मीठ चोळलेलं पिल्लू तोंडाशी आणलं की ती तोंड फिरवायची, तो पुन्हा नाक धरून वळवायचा. शेवटी ती चाटू लागली. लोक खूश झाले, सावळाने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. खाली पाहिलं तेव्हा पिल्लाला कान उरला नव्हता. घाबरून त्याने सशीण पिंजऱ्यात टाकली, मीठ चोळून ठेवलेली बाकीची पिल्लंही तिच्यापुढे टाकली आणि दार लावलं. नुजहत दार उघडायला धावली. जोहराभाभींनी तिला मागे ओढलं. थोड्याच वेळात सातांतलं एकही उरलं नाही.

"आईच वाईट निघाली, भाभी," सावळा म्हणाला. "कापा हिला."

नुजहतचा नवरा जलाल सुरी घेऊन बसला, पाय सावळाने धरले. पोट सोलताना दूध निघालं आणि फरशीवर पसरलं. जलालचा हात थांबला.

"मामा," नुजहत म्हणाली, "पाजत नव्हती ना ही?"

"नासकं हाय त्ये," सावळा म्हणाला. "पिलं न्हाईत त्येच बरं झालं."

जलालने पाणी ओतून फरशी धुतली. नुजहत आत गेली. मांसाचा वाटा मिळाला, तो सावळाने घरी नेला आणि जेवला.

पुढे ससेवाल्यांत त्याचं नाव झालं. वाईट आई तो नुसत्या नजरेने ओळखतो, असं लोक सांगू लागले. मीठ त्याने पुन्हा मागितलं नाही. पिंजऱ्यात हात घालायचा, मादी चावली की कापा म्हणायचा. मागे राहिलेली पिल्लं दोन दिवसांत उपासाने मरायची, आणि सावळाने वेळेवर सांगितलं म्हणून लोक त्याचे आभार मानायचे.