रामेश्वराची गंगा

स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडानं सांगायची, तर आधी चहा पाजा!

कॉलेज सोडल्यापासून आमच्या गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरचं प्रत्येक म्हातारं मला उपदेश करतं. स्वतः जन्मात गल्ली ओलांडली नाही, अन् मला जग शिकवणार! बाबा तर त्यांचे मुकादम. एक दिवस लाखेनं बंद केलेला गंगेचा गडू त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"आजोबांचा संकल्प राहून गेलाय. हे रामेश्वरावर चढव. मग कॉलेजचं नाव काढणार नाही."

"तुम्हीच का नाही जात?"

"गुडघे!"

तिकीट फुकट. निघालो. पण मधेच दिंडीगुलला उतरलो. तिथल्या जंगलात लोरिस असतं. माकडाचं वीतभर चुलत भावंड, रात्रीच हिंडतं, आता फार उरलेलं नाही. मला ते बघायचंच होतं. देव काय, थांबतो!

खोलीचं कुलूप धड नव्हतं, म्हणून गडू झोळीत घेतला. वाटाड्या सेल्वम. त्याची हिंदी चार शब्दांची. "लाल बत्ती. बात नहीं."

काटेरी झाडं. लाल उजेडात स्वतःचा हातसुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटत होता. एकाएकी रातकिडे थांबले. का थांबले? विचारायला वळलो, तर सेल्वम नाही! आणि तोंडासमोर, हातभर अंतरावर, दोन निखारे. लवत नव्हते. मग हळूच एका बाजूला कलले, कुणी मान वाकडी करून ओळख पटवावी तसे.

"आजोबा?"

हो, मीच म्हणालो! भुताखेतांवर हसणारा मी!

दातांनी लाख फोडली. निखारे बघतच होते. डोळे मिटून अख्ख्या गडूची गंगा त्यांच्यावर भिरकावली.

"अय्यो! ठंडा!" झुडपामागून सेल्वम किंचाळला. फांदी हलली. निखारे विझले. लोरिस गेलं, गंगाही गेली.

घरी येऊन गंगा रामेश्वरावर चढवल्याची थाप मारता आली असती. पण बाबांनी लाखेवरच्या दातांच्या खुणा बघितल्या, अन् मी सगळं ओकलो. त्यांनी रिकामा गडू उलटा करून बघितला.

"एका संतानं रामेश्वराची गंगा वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली होती."

वाटलं, सुटलो! "हां बाबा, तसंच काहीसं!"

"तसंच कसं? तिथं गाढव पाणी प्यालं. इथं गाढवाच्याच हाती गडू होता."

आता पुन्हा गडू भरलाय. या खेपेला बाबा गुडघ्यांसकट सोबत येतायत. म्हणतात, "आजोबा परत भेटले, तर नीट ओळखणारं कुणीतरी हवं!"