घरच्या घड्याळाची दोन मिनिटं

"मानू नका, मोजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाला "बिल्कुल ताजी है, बाबूजी" म्हणाला तरी उत्तर तेच, फक्त हिंदीत: "मानेंगे नहीं भैया, नापेंगे." ताजेपणा कसा मोजायचा, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही.

ते रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर. मूळचे साताऱ्याचे, इथे उत्तरेत विकास नगरात आमचे शेजारी. अशी एकाच वेडाची माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांचं वेड सापेक्षतेचं. चहा हातात आला की सुरू. गाडी एकसारख्या वेगाने, धक्का न देता चालली तर आतल्या माणसाला, त्यांच्या भाषेत 'निरीक्षका'ला, ती चालते की उभी आहे, हे कुठल्याही प्रयोगाने कळणार नाही. प्रकाशाचा वेग मात्र सगळ्यांना एकच. म्हणून चालत्या गाडीतलं घड्याळ मागे पडतं.

"कुणी सांगितलं म्हणून नव्हे. अणुघड्याळं विमानातून फिरवून आणली, जमिनीवरच्यांशी ताडून पाहिली. तुमच्या मोबाइलचा नकाशासुद्धा ही दुरुस्ती केली नाही तर रस्ता चुकवेल."

मग त्यांनी स्वतः दोन सारखी मनगटी घड्याळं आणली. एक दौऱ्यावर हातात, एक घरी. रेल्वेच्या वेगाने फरक दिसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "शून्य यायला हवं. येतं का ते बघायचं."

शून्य काही येईना. घरचं घड्याळ दर वेळी दोन मिनिटं पुढे. त्यांनी घड्याळांची अदलाबदल केली, तरी घरचंच पुढे. म्हणजे दोष घड्याळात नाही, घरात. कधी फ्रिजवर संशय, कधी गॅसच्या उष्णतेवर. वहीत तारीख असे, फरक असे. 'कारण' हा रकाना कोरा.

"भाऊजी, मीच पुढे करते," वहिनी मला एकदा म्हणाल्या. "फरक आला की हे तासभर स्वयंपाकघरात बसून माझ्याशी बोलतात. नाहीतर आल्या आल्या लॅपटॉप. सांगू नका हं."

मी सांगितलं नाही. काखेत कळसा न् गावाला वळसा, म्हणून मनातल्या मनात हसत राहिलो.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. तेराव्यानंतर ते दौऱ्यावर गेले आणि परत आल्यावर सरळ आमच्याकडे आले. दोन्ही घड्याळं टेबलावर ठेवली.

"फरक नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मी वहिनींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"अच्छा," म्हणाले, आणि चहा प्यायले. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटेना. त्यांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

पुण्याला मुलीकडे कायमचे निघाले, त्या सकाळी वही त्यांनी माझ्या हातात दिली. 'कारण'चा प्रत्येक रकाना भरलेला होता. पानामागून पान एकच वाक्य, त्याच नीटस अक्षरात:

निरीक्षक घरी बोलत नसे.