फोकस म्हातारीवर

आईच्या तोंडाला चिखल फासत होते तेव्हा माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची मोटर उघडी पडली होती.

मेकअपवाल्याच्या एका हातात बादली. दुसऱ्या हाताने त्याने आईची हनुवटी वर केली, बाजारात बैलाचे दात बघताना करतात तशी, आणि बोटांनी चिखल ओढला. कपाळापासून मानेपर्यंत. मग केसांत राख. आई सकाळी डोक्याला तेल लावून, लग्नाकार्याला नेसते ते लुगडं नेसून आली होती. पाड्यातल्या सगळ्याच बाया तशा आल्या होत्या. शूटिंग म्हणजे आपले फोटो काढणार, असं त्यांना वाटलं. फोटोला माणूस चांगलं नेसूनच जातो.

त्यांना बघून असिस्टंट डायरेक्टर हसला होता.

"इतक्या स्वच्छ बायका आदिवासी वाटतच नाहीत."

मराठीतच बोलला. बायांना मराठी कळतं हे त्याच्या डोक्यात आलं नसेल. किंवा आलं असेल, आणि त्याला फरक पडत नसेल.

मी मोटर खाली ठेवून आईजवळ गेले. हे का करू देतेस, असं हळूच विचारलं.

"तुझ्या कंपनीचं काम हाय ना," आई म्हणाली. "मी न्हाय बोलले तर तुला बोलतील."

मी परत झाडाखाली येऊन बसले. मोटर पुन्हा मांडीवर घेतली.

मी वारली. शिकले आयटीआयला. पुढे नारपोलीत कापड विणणाऱ्या लूमच्या मोटरी भरणाऱ्या एका उस्तादांकडे लागले. जळालेली तार उपसायची, नवी गुंडाळायची. हात तिथे बसला. मग राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी लागली. शूटिंगचं सामान भाड्याने देणारी कंपनी. माझं काम बारीक मोटरींचं. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बाजूने एक मोटर लावतात, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. लांब बसलेला माणूस हातातलं चाक फिरवतो, इकडे मोटर लेन्सची रिंग फिरवते, आणि पडद्यावर एखादं तोंड धूसर असतं ते स्पष्ट होतं. ती मोटर उघडायची, आतल्या दातेरी चाकांतली घाण काढायची, सुईच्या टोकाने ग्रीस लावायचं, झिजलेलं चाक बदलायचं. लूमच्या मोटरीचा आवाज छातीत बसतो. हिचा ऐकायला कान जवळ न्यावा लागतो.

मोठं सामान बाहेर गेलं की कंपनी सोबत एक माणूस पाठवते. या वेळी शूटिंग वज्रेश्वरीच्या बाजूला, डोंगराकडच्या एका पाड्यावर होतं. माझ्याच पाड्यावर. मी खूश होते. मोटरी दुरुस्त करते म्हणजे नेमकं काय करते, हे आईला पहिल्यांदा दिसणार होतं.

गोष्ट दुष्काळाची होती. आमच्याकडे दुष्काळ नव्हता, म्हणून त्यांनी तो आणला. मोठा पंखा लावून धूळ उडवली, पेंढा जाळून धूर केला. तीच धूळ मोटरीत गेली आणि ती करकरायला लागली. म्हणून मी ती उघडून बसले होते.

असिस्टंट मोटर झाली का विचारायला आला. मी त्याला सांगितलं, ती समोरची माझी आई आहे. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. कंपनीचा टी-शर्ट, चष्मा, बूट.

"तू वाटत नाहीस," तो म्हणाला.

कौतुक करत होता. मी खूश व्हावं अशी त्याची अपेक्षा होती.

मग म्हणाला, बरंच झालं, आता तूच त्यांना तुमच्या भाषेत समजाव. ट्रक येणार, पोतं फाटणार, तांदूळ मातीत सांडणार. सगळ्यांनी त्यावर तुटून पडायचं. एकमेकींना ढकलायचं. ओरबाडायचं.

मी सांगितलं की हे होणार नाही. आमच्यात धान्य म्हणजे कणसरी. देवी आहे ती. खळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. दाणा सांडला तर उचलून कपाळाला लावतात, त्यावर पाय देत नाहीत.

त्याने घड्याळ बघितलं. "भुकेल्या माणसाला देव आठवत नाही. तू मोटर लाव."

मी बायांना काही समजावलं नाही. पण मोटर लावली. नोकरी होती ती. रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघितली. काही आवाज नाही. छान चालत होती.

ट्रक आला. पोतं फाटलं. तांदूळ मातीत ओतला गेला, बायांच्या अनवाणी पायांपर्यंत.

एकही बाई हलली नाही.

स्पीकरवरून डायरेक्टर ओरडत होता, पळा, घ्या, घ्या. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग माझी आई पुढे झाली आणि खाली बसली. एकेक मूठ उचलायची, माती फुंकायची, कपाळाला लावायची आणि पदरात टाकायची. सावकाश. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गालावरच्या चिखलात ओघळ पडत होते.

डायरेक्टर खुर्चीवरून अर्धा उठला.

"फोकस म्हातारीवर. भूक बघा. काय भूक आहे."

कॅमेऱ्यावरची मोटर फिरली. मी साफ केलेली, मी बसवलेली. मॉनिटरवर आईचं तोंड आधी धूसर होतं. मग स्पष्ट झालं. एकेक सुरकुती. माझ्या कामाने.

तिथे माझ्यात काहीतरी तुटलं. मी चालत गेले आणि लेन्सच्या समोर उभी राहिले. आई माझ्या पाठीमागे. समोर काळी काच.

कुणीतरी कट म्हणालं. सगळे ओरडायला लागले. मी एवढंच बोलले.

"ती भुकेली नाही. ती पाया पडतेय."

मग मी मोटरीचा क्लॅम्प सोडवला, मोटर काढून पेटीत ठेवली. त्यांचं काही अडलं नाही. फोकस हातानेही होतो, असं कॅमेऱ्यावरचा माणूस म्हणाला. डायरेक्टर म्हणाला, म्हातारीचं मिळालंय, बाकी सोडा. पण तोवर बाया सगळ्याच खाली बसल्या होत्या. त्यांनी दाणा न् दाणा वेचला आणि पदर सावरून विहिरीकडे गेल्या. परत बोलावल्यावर एकही आली नाही.

राहनाळला साहेबांनी मला केबिनमध्ये उभं केलं. समोरच्या पार्टीला फोन लावून माफी माग म्हणाले. मी नाही म्हणाले.

"तुमच्या लोकांना एवढी संधी दिली," साहेब म्हणाले, आणि पुढचं वाक्य गिळलं. गिळलेलं वाक्यही मला ऐकू आलं. मी माझी हत्यारं पिशवीत भरली आणि बाहेर पडले.

आता नारपोलीत माझ्या खोलीतच टेबल मांडलं आहे. लग्नाचं शूटिंग करणारे त्यांचे अडलेले कॅमेरे घेऊन येतात. काम आहे. कमी आहे.

ते पिक्चर पुढे आलं. पाड्यातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर आईने स्वतःला बघितलं. आवाज कुणा दुसऱ्याचा, इंग्रजीत भुकेबद्दल बोलणारा. आईने मला विचारलं, हा माझ्याबद्दल काय बोलतो? मी खरं ते सांगितलं.

"त्या दिवशी आपल्या घरात तांदूळ होता," ती म्हणाली. "तुला ठावं हाय ना?"

मला माहीत होतं. बघणाऱ्यांना कधीच कळणार नाही. ते चित्र आता पुसता येत नाही. कुणाला विचारलं, कुणाला लिहिलं, काही झालं नाही.

म्हणून पाड्यावर बायांसोबत बसले. त्यांना सांगितलं, लेन्स काय करते, लांबून तोंड कसं जवळ ओढतात, आपला एक क्षण कापून दुसऱ्याच गोष्टीला कसा चिकटवतात. सगळं सांगितलं. आता त्यांना माहीत आहे.

ते परत येतील. हे नाहीत तर दुसरे. येऊ देत. गाडी वेशीवर थांबेल. आधी बसून सांगायचं, काय काढणार, कशासाठी, आणि वरून काय बोलणार. बायांनी हो म्हटलं तर हो. न्हाय म्हटलं तर गाडी वळवायची. आणि हो घेऊन खोटं काढायला लागलात, तर मी लेन्ससमोर उभी राहणार. या वेळी एकटी नाही. हलवायला पोलीस आणावे लागतील.

आणा.