वरून दिसणारी मिरची

अक्का गेल्याचा फोन प्रयोगशाळेत आला, तेव्हा माझ्यासमोर उपग्रहाने टिपलेले शेतांचे चित्र उघडे होते. पलीकडून त्यांचे भाऊ, अण्णा, बोलत होते. फोन ठेवून मी पुन्हा चित्रातल्या रंगीत चौकटींकडे वळले. आमची खरी ओळख अशाच एका चित्रावरून झाली होती.

उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करण्याच्या नोकरीसाठी मी पुण्याहून बंगळूरला आले आणि मल्लेश्वरममध्ये अक्कांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथले. बोलण्यात मराठी आणि कन्नड यांची सहज सरमिसळ. कापूस उत्पादकांची सरकारी अनुदाने मंजूर करणे हे त्यांचे काम. एका संध्याकाळी त्यांनी विचारले, "तुझ्या उपग्रहाला शेतात हत्ती दिसत नाही म्हणे?" मी गंभीरपणे समजावले, की आमच्या चित्रातली एक चौकट या अंगणाहूनही मोठी असते, तिच्यात हत्ती दिसणे अशक्यच. अक्का हसत खाली बसल्या. "हत्ती म्हणजे कापूस, अग. तुझ्या सोंडवाल्याला कन्नडात आने म्हणतात."

प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. राज्याच्या उत्तरेकडच्या एका गावाने कापसाचे अनुदान मागितले होते आणि आमच्या नकाशात तिथे मिरची होती. अर्ज खोटे ठरवून फेटाळावेत, असा अक्कांच्या वरिष्ठांचा आग्रह. "नकारावर सही केली तर गाव लबाड ठरतं, नाही केली तर मी," अक्का म्हणाल्या. "स्वल्प थांबून बघू."

त्या भागात एकाच शेतात आधी कांदा, मग मिरची आणि मिरचीच्या ओळींमध्ये कापूस लावतात, हे त्यांनी ऐकले होते. त्यांनी वाद घातला नाही. अंगणातल्या रुंद कुंडीत तिन्ही पिके तशीच लावली आणि गच्चीवरून त्यांची छायाचित्रे काढण्याचे काम मला दिले. कुंडीशेजारी वाकले की कापूस स्पष्ट दिसे. गच्चीवरून मात्र फक्त मिरची. पुढे मिरचीचा बहर ओसरला, कापूस तिच्या वर आला आणि छायाचित्रातला पोत हळूहळू बदलला. अक्का ती चित्रे ओळीने मांडून म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे. तुझा उपग्रह खोटं नाही बोलला. घाईनं बोलला."

मी त्याच गावाचे नंतरच्या काळातले चित्र मागवले. तिथेही तोच बदल होता. ते घेऊन अक्का स्वतः पाहणीला गेल्या. अनुदान उशिरा का होईना, गावाला मिळाले. नकाशातल्या एका चौकटीला एकाच पिकाचे नाव का द्यायचे, हा प्रश्न मला मात्र सोडेना. माझे आजचे संशोधन त्यावरच चालते.

गेल्या रविवारी अक्कांच्या घरी अण्णांना भेटायला गेले. अक्का गेल्या, त्याआधी काही दिवस त्यांनी कुंडीत काहीतरी पेरले होते; काय, ते कुणालाच ठाऊक नाही. आता कोवळी रोपे वर आली आहेत. "काय आलंय, सांग," अण्णा म्हणाले. मी वाकून पाहिले, मग गच्चीवर जाऊनही पाहिले. कापूस असेल किंवा भेंडी. या वयात दोन्हींची पाने फार सारखी असतात. अंदाज करणे मला सहज शक्य होते...

"अजून सांगता येत नाही, अण्णा," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि रोपांना घालायला पाण्याचा तांब्या भरून आणायला ते आत गेले.